दुर्गव्वाची फांदी

उंबरठाण नगरपरिषदेच्या नगररचना विभागात चार खुर्च्या होत्या. तीन खुर्च्यांवर फायली बसत आणि चौथीवर शुभांगी कुंभार. रिकाम्या जागा भरायचं सरकारदरबारी इतकी वर्षं चाललं होतं की जाहिरातीची वाट बघणारी पोरं आता स्वतः पोराबाळांची झाली होती. तेव्हा विभाग म्हणजे शुभांगी, आणि तिच्या जोडीला शिपाई मारुती धोत्रे. चहा आणायचा, दार सांभाळायचं आणि मोजणीच्या वेळी उंचीची पट्टी धरून उन्हात उभं राहायचं, ही तिन्ही कामं मारुतीचीच.

गावात कुणाला माडी चढवायची असो, कुंपण घालायचं असो की नदीकाठी मंगल कार्यालय काढायचं असो, या टेबलापुढे आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. परत जाताना बहुतेक जण शुभांगीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जात. पन्नाशी ओलांडलेल्या शुभांगीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. वाटून घ्यायलाही अंगात थोडं बळ लागतं.

त्या दिवशी मात्र टेबलापुढे तिचा सख्खा भाऊ उभा होता.

"काय म्हणती तुझी पाणीवाली?" संपतने विचारलं.

"तिसऱ्यांदा तेच म्हणतीये, दादा. निळ्या रेषेच्या आत हाय. नवीन बांधकाम न्हाई, पाडून बांधायचं न्हाई."

"आगं, मागची भिंत टेकूवर उभी हाय! वैशाखात सूनबाई बाळंत होतीया. बाळ काय टेकूखाली झोपवू?"

"माळावर प्लॉट मिळालाय की सगळ्या गल्लीला."

"टेकाळ्याच्या माळावर?" संपत हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तिथं माती कुठाय शुभे? गणपती काय मुरमाचं करू? तू कुंभाराची लेक हायस का न्हाईस?"

तो गेला. मारुतीने न सांगता चहा आणून ठेवला आणि काही न बोलता दाराशी जाऊन बसला. मारुतीचा हा एक मोठा गुण होता.

आता ही पाणीवाली काय चीज होती ते सांगायला हवं. सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, पण ते घेता घेता दम लागे, म्हणून सगळं गाव तिला पाणीवाली म्हणे.

पूर्वी पूररेषा दोन असत. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. निळीच्या आत काही बांधायचं नाही; दोन्हींच्या मधे बांधायचं तर अटी पाळून. नियम सोपा होता. पण एकदा ओढलेली रेषा वीस-पंचवीस वर्षं नकाशावर तशीच राही, आणि येरवती नदी काही नकाशा बघून वाहत नव्हती. दरम्यान काठावर भराव पडत, ओढे बुजत, आणि ज्याचा हात वरपर्यंत पोचे त्याच्या प्लॉटापाशी आली की निळी रेषा नेमकी वळसा घाली.

पाणीवालीने हे सगळं मोडीत काढलं. नदीच्या दोन्ही काठांत काचेच्या तंतूची केबल पुरलेली होती. माती भिजली, दबली, सरकली की तंतूतून जाणारा प्रकाश किंचित बदलतो. त्यावरून जमिनीच्या पोटात पाणी कुठवर आलंय ते कळे. वरून उपग्रह दर आठवड्याला जमिनीची उंची मोजत. आणि नगरपरिषदेच्या मागच्या खोलीत, कपाटाएवढ्या यंत्रात, सगळ्या गावाची दुसरी प्रत होती. बाजेएवढ्या चौकोनांत कापलेलं उंबरठाण. प्रत्येक चौकोनात पाणी कुठून येईल, किती येईल आणि तिथून कुठं ढकललं जाईल ही गणितं पूर्वी मोठमोठ्या संगणकांना आठवडाभर पुरत. पाणीवाली ती चहा निवायच्या आत सोडवी. कुणी काठावर मुरमाचा ट्रक रिकामा केला की इकडे रेषा हलली.

शिवाय ती नुसती रेषा दाखवून थांबत नसे. भरल्या घंगाळात तांब्या बुडवला की तेवढं पाणी काठावरून सांडतं. नदीकाठी भराव घातला की तेच होतं. पण ते सांडलेलं पाणी कुणाच्या घरात शिरलं हे आजवर कुणाला सांगता येत नव्हतं. पाणीवाली त्या घरावर बोट ठेवून दाखवी. ती आल्यापासून गावातला शेजारधर्म जरा पातळ झाला होता. मुलगी द्यायची तर मुलाचा पगार नंतर आणि त्याच्या घराचा नकाशातला रंग आधी विचारला जाई.

कुंभार गल्ली सबंध निळी होती. नदीपलीकडची, दगड फोडणाऱ्या वडारांची पत्र्याची वस्ती मात्र पांढरी निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदाने त्या लोकांच्या बाजूने कौल दिला होता. त्यांना पक्क्या घरांची मंजुरी मिळाली. मारुतीचं घर त्याच वस्तीत होतं. त्याचं जोतं बांधून झालं होतं, आणि रोज कार्यालयात येताना तो त्यावर पाणी मारून येई.

रविवारी शुभांगी माहेरी जेवायला गेली. माहेर म्हणजे कुंभार गल्लीच. ती स्वतः लग्न न करता बाजारपेठेत भाड्याच्या खोल्यांत राहत होती, पण सणावाराला आणि रविवारी पाय इकडेच वळत. सारिकावहिनीने कांदा-लसणाची आमटी केली होती. संपत घुश्शात होता, पण ताटात वाढताना बहिणीला भाकरीचा पापुद्रा धरलेला भाग द्यायला विसरला नाही.

जेवण झाल्यावर ती मागे हात धुवायला गेली आणि थबकली. भट्टीमागे वर्षानुवर्षं लाकडांची रास असे. त्यातले ओंडके काढून संपतने पडत्या भिंतीला टेकू दिले होते, त्यामुळे शेडची जुनी दगडी भिंत उघडी पडली होती. तिला पूर्वी कधीतरी चिखलाचा गिलावा केलेला होता. वरच्या भागात तो अजून होता, गवताच्या काड्यांसकट. खालचा सगळा धुऊन गेला होता. आणि जिथं तो संपत होता तिथं आडवी, सरळ कड होती, सुतळी लावून आखल्यासारखी. ती शुभांगीच्या कमरेला लागत होती.

ती पुढच्या दारी आली. चौकटीशेजारी, पांढऱ्या भिंतीवर, गेरूचा ठसठशीत पट्टा होता आणि वर लिहिलं होतं : 'मोठा पूर'. तो तिच्या डोक्याच्याही वर होता. जमीन तर सपाट होती. दहा पावलांच्या अंतरात पाणी काही दोन उंचींना उभं राहत नाही.

"वहिनी," तिने विचारलं, "ही खूण कोण रंगवतं?"

"मीच की. दर दिवाळीला चुना दिला की जाती ती. मग परत काढायची."

"त्याच जागी?"

सारिका हसायला लागली. "आता काय सांगू वन्सं? शेजारच्या हौसाकाकूंनी एका वर्षी त्यांची आमच्यापेक्षा वर काढली. म्हटल्या, आमच्याकडं जास्त पाणी हुतं. तुमच्या दादास्नी राग आला. म्हटले, आपली त्यांच्या वर घे. मग पुढच्या वर्षी त्यांनी घेतली. सगळ्या गल्लीचं असंच. पूर बघायला आलेल्या पाव्हण्यास्नी दाखवायला बरं वाटतं."

शुभांगी ओट्यावर बसली. मोठा पूर आला तेव्हा ती पुण्याला नोकरीत होती. परत आली तोवर पाणी ओसरलं होतं आणि गोष्टी सुरू झाल्या होत्या. पंचवीस दिवाळ्यांत, दर वेळी चार-चार बोटं करत, कुंभार गल्लीतला पूर चढतच राहिला होता.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण पाणीवाली हसत नाही. कोणतंही गणिती यंत्र भविष्य सांगण्याआधी त्याच्याकडून भूतकाळ बरोबर वदवून घ्यावा लागतो. मोठ्या पुरात पुलावरची पाणी मोजायची पट्टी वाहून गेली होती. धरणातून किती पाणी सोडलं याचा आकडा होता, पण ते गावात कुठं किती उंच उभं राहिलं याला पुरावा एकच : भिंतींवरच्या खुणा. कॅमेरा लावलेली गाडी गल्लीबोळांतून फिरली आणि तिने प्रत्येक गेरूचा पट्टा टिपला. पाणीवालीने त्यावर विश्वास ठेवला आणि पाण्याची एकूण बेरीज जुळवण्यासाठी नदीचा ओढाच या काठाला असल्याचं मानून घेतलं.

संपतच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. "म्हंजे पाणी कमी हुतं!" तो ओरडला. "मग लिही की! कशाची वाट बघतीस?"

सोमवारी तिने कच्चा हिशोब करून बघितला. गल्लीच्या सगळ्या खुणा पुसल्या आणि गिलाव्याच्या कडेची उंची घातली. पडद्यावर निळा रंग कुंभार गल्लीतून हळूहळू मागे सरला. मोठ्या पुरातही कमरेएवढंच पाणी आलेली गल्ली आता निळ्याबाहेर, अटी पाळून बांधता येईल अशा पट्ट्यात होती; भट्ट्या मोकळ्या झाल्या, संपतचं घर मोकळं झालं. क्षणभर तिला खरंच बरं वाटलं.

मग निळा पलीकडे चढायला लागला. धरणातून सुटलेलं पाणी तर तेवढंच होतं. इकडे नव्हतं म्हणजे तिकडे होतं. ते वडार वस्तीत शिरलं आणि सगळी वस्ती निळी करून थांबलं.

वस्तीत आजवर एकही खूण सापडली नव्हती, कारण खूण राहायला भिंत लागते. मोठ्या पुरात तिथलं एकेक पत्र्याचं घर वाहून गेलं होतं. गाडीला काही दिसलं नाही, आणि यंत्र बसवणाऱ्यांनी खूण नाही त्या जागी 'पाणी नाही' असं धरून टाकलं होतं.

"मॅडम, चहा," मारुती म्हणाला. तिने घाईघाईने पडदा बंद केला. आपण चोरी करताना सापडलो असं तिला वाटलं, आणि चोरी कसली ते मात्र कळेना.

"गुरुवारी चौकट बसवतोय," तो कप ठेवत म्हणाला. "आईनं सांगितलंय, नारळ तुमच्याच हातचा पायजे."

मुख्याधिकारी ठोंबरे साहेब तरुण होते, हुशार होते आणि बदलीच्या आदेशाकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी शुभांगीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? कुंभार गल्लीतल्या. स्थळपाहणी कुणाची? तुमची. सुटका कुणाची? तुमच्या भावाची. आणि घरं कुणाची जाणार? वडारांची. उद्या पेपरात काय छापून येईल ते मी तुम्हाला आत्ता वाचून दाखवू शकतो."

"मग दुसऱ्या कुणाकडून पाहणी करून घ्या, सर."

"तुमच्या विभागात दुसरं आहे कोण?"

हे मात्र खरं होतं. यंत्राचा निर्णय फिरवायचा तर नगररचना अधिकाऱ्याने स्वतः पाहून, स्वतःच्या नावाने, कारण लिहून फिरवायचा, असा नियम होता. आणि उंबरठाणात ते नाव एकच होतं.

"घाई करू नका," साहेब म्हणाले. "मोठा पूर काय दरवर्षी येतो?"

ती बाहेर आली. घाई न करणं तिला चांगलं जमत असे. सगळी नोकरी त्यावरच तर निभावली होती. गप्प बसलं तर माळावर जाऊन गल्ली कुरकुरत का होईना जगेल, मारुतीला घर मिळेल, आणि आपण चार-सहा वर्षांत निवृत्त होऊ. पुढच्या मोठ्या पुरात मारुतीच्या पक्क्या घरात, स्लॅबखाली, पाणी छताला लागेल तेव्हा आपण कुठं असू कोण जाणे. हा विचार तिने दोन दिवस डोक्यातून घालवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. तिने नारळ घेतला, आणि निघता निघता तिपाई आणि मोजणीची दुर्बीणही गाडीत टाकली.

वस्तीत चौकटीला हळद-कुंकू लावून झालं. मारुतीची आई दुर्गव्वा सत्तरी ओलांडलेली, काटक, हातावर गोंदण. तिने शुभांगीच्या हातून नारळ फोडून घेतला आणि तिला सावलीत कडुलिंबाखाली बसवलं.

"आज्जी," शुभांगीने शेवटी विचारलंच, "मोठ्या पुरात इथं पाणी आलं होतं?"

दुर्गव्वाने तिच्याकडे असं पाहिलं की शुभांगीला विचारल्याची लाज वाटली.

"पंचवीस वर्सानं ईचारलंस बाई," ती म्हणाली. "ती गाडी आली हुती कॅमेऱ्याची, तवा मी आडवी झाली तिच्या. म्हटलं, मी सांगती पाणी कुठवर हुतं. तर ते पोरगं म्हणतं, आज्जी, भिंत दाखवा. भिंत कुठली दाखवू? वाहून गेली की!" मग तिने मान वर करून बोट दाखवलं. "ती फांदी बघ. दोन राती बसली मी तिच्यावर. पाय सोडलं की घोट्याला पाणी लागायचं. रेणुकाला लुगड्यानं बांधली हुती माझ्या अंगाला. दुसऱ्या राती लुगडं सुटलं."

मारुती खाली बघत उभा होता. रेणुका त्याची धाकटी बहीण. त्या रात्री तो नगरपरिषदेच्या दारात वाळूची पोती रचत होता, कार्यालयात पाणी शिरू नये म्हणून.

झाड वाढतं ते शेंड्याने. फांदी खोडाला जिथं फुटली तिथंच राहते. जाड होते, पण वर चढत नाही. भिंतीवरची खूण माणसं चढवू शकतात, फांदी कुणाला चढवता येत नाही. शुभांगीने तिपाई रोवली. "मारुती, पट्टी धरा," ती सवयीने म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला काय धरायला सांगितलंय.

मारुतीने पट्टी धरली. आधी फांदीला लावून, मग जोत्यावर. इतकी वर्षं तो पट्टी धरत आला होता. आकडे त्यालाही वाचता येत. दुसरा आकडा वाचून तो तसाच उभा राहिला. फांदीवरून सोडलेल्या पायांची लांबी वजा केली तरी जोत्यापासून पाण्यापर्यंत दोन पुरुष उंची होती. गिलाव्याची कड घालून यंत्राने पडद्यावर दाखवलेली पातळी, आणि दुर्गव्वाच्या घोट्याची पातळी, यांत विटेच्या जाडीचाही फरक नव्हता.

"म्हंजे माझं घर जाणार," मारुती म्हणाला.

"हो."

"आन् तुमच्या दादांचं राहणार."

"हो."

"तुम्हाला हे आधी म्हाईत हुतं. सोमवारी. मी चहा घेऊन आलो तवा तुम्ही पडदा मिटलासा." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते अधिक लागलं. "मग नारळ कशाला फोडलासा मॅडम? त्या चौकटीला हळद कशाला लावू दिलीत?"

शुभांगी तिपाई मिटू लागली. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

"ये मारत्या," दुर्गव्वा बसल्या जागेवरून म्हणाली, "गप. जोतं घालताना मी काय म्हटलं हुतं तुला? इथं नगं म्हटलं हुतं का न्हाई?"

"कागदावर पाणी न्हाई म्हणत हुते आई."

"आता येऊ दे कागदावर." ती शुभांगीकडे वळली. "लिही बाई. पर माझं नाव लिही. दुर्गव्वा बसली हुती म्हणून लिही. आन् आमास्नी कुठं घालणार ते बी लिही, नुसतं उठा म्हणू नगंस."

शुभांगीने लिहिलं. खुणेचा प्रकार निवडायच्या जागी यंत्र तीनच पर्याय देत होतं : भिंत, खांब, पूल. तिने 'इतर' अशी नवी ओळ पाडून घेतली आणि तिच्यात कडुलिंब लिहिलं, दुर्गव्वाचं नाव लिहिलं. मग कारण लिहावं लागलं : कुंभार गल्लीतल्या भिंतींवरच्या खुणा दर दिवाळीला वर सरकवलेल्या असून त्या ग्राह्य धरू नयेत. गल्ली निळ्यातून सुटली. आणि गल्ली सुटली म्हणजे माळावरच्या प्लॉटांवरचा तिचा हक्कही सुटला. ते आता निळ्यात आलेल्या वस्तीचे झाले. हा तर साधा नियमच होता, तरी गावात कुणाला तो साधा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपत पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि दुपारी तोच संपत अर्ध्या गल्लीला घेऊन आला.

"घर दिलंस, उपकार झालं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "पर माळ कशाला काढून घेतलास? सूनबाईच्या नावावर प्लॉट हुता त्यो."

"दादा, दोन्ही कसं मिळंल?"

"आन् हे काय लिहिलंस? आम्ही खोट्या खुणा काढल्या? आमच्या आईनं काढलेली खूण खोटी?"

"आईनं काढली होती ती खाली होती, दादा. वर तुम्ही नेली."

गल्लीतल्या बायांनी नाकं मुरडली. हौसाकाकू म्हणाल्या, सरकारी खुर्चीत बसलं की माणसाला माहेर राहत नाही. कुणीतरी पंख्याचं बटण बंद केलं, उगीचच. मारुती नेहमीसारखा आत आला, सगळ्यांना पाणी दिलं, संपतलाही दिलं, आणि शुभांगीच्या टेबलावर मात्र ग्लास न ठेवता निघून गेला. कोपऱ्यातल्या माठातून तिने स्वतः घेतलं.

ठोंबरे साहेबांनी सांगितलं होतं जवळजवळ तसंच वर्तमानपत्रात छापून आलं. चौकशी बसली, वर्षभर चालली, काही निघालं नाही. त्या श्रावणात येरवतीला पाणी आलं. मोठं नव्हे, मधलंच. गल्लीच्या पहिल्या पायरीला शिवून ते परत गेलं. पलीकडे मारुतीचं जोतं चार दिवस पाण्याखाली होतं, आणि त्यावरची चौकट, हळदीकुंकवासकट, कलली. तुमचं बरोबर होतं, हे सांगायला कुणी आलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही.

संपतचं घर उभं राहिलं. वास्तुशांतीचं बोलावणं शुभांगीला आलं नाही. भाऊबीजेला तिने आरतीचं ताट काढून ठेवलं होतं, ते संध्याकाळी पुन्हा फडताळात ठेवून दिलं. सारिकावहिनीने तेवढं एकदा बाजारात गाठून नातवाचा फोटो दाखवला आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "ह्या वर्षी खूण काढलीच न्हाई वन्सं. भिंत कशी उघडी उघडी वाटती."

माळावरची घरं व्हायला आणखी एक वर्ष गेलं. तिथं पाणी टँकरचं, रस्ता खडीचा, आणि मारुतीला कार्यालयात यायला सायकलवर तासभर लागे. तो येई. चहा पुन्हा टेबलावर ठेवू लागला होता. बोलणं मात्र कामापुरतंच. दिवाळीच्या आदल्या दिवशी तो दाराशी घुटमळला.

"आईनं बोलावलंय," म्हणाला. "उद्या. का ते सांगत न्हाई."

दुर्गव्वाचं घर म्हणजे दोन खोल्या. भिंतींना नुकताच चुना दिलेला, वास अजून येत होता. म्हातारीने शुभांगीला पाटावर बसवलं, तिच्या हातात करंजी ठेवली, आणि मग कोनाड्यातून एक वाटी काढून पुढे केली. वाटीत कालवलेला गेरू होता.

"खूण काढ," ती म्हणाली.

"आज्जी, इथं कुठलं पाणी? हा माळ आहे. इथं पूर येत नाही."

"म्हाईत हाय मला. त्या फांदीएवढी काढ. तू मोजलीयास."

"पण ती खोटी होईल."

"माझी खोटी?" दुर्गव्वा म्हणाली. "लोकांच्या भिंतीवर पंचवीस वर्सं पाणी चढलं, ते तुमच्या यंत्रानं खरं धरलं. माझ्याकडं भिंत नव्हती म्हणून माझी रेणुका कुठं बुडाली ते कुठं बी लिहिलेलं नव्हतं. आता भिंत झालीया. काढ."

शुभांगीने मारुतीकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता, आणि तिच्या मनात काय चाललंय ते त्याला नेमकं कळत होतं. दर तीन वर्षांनी कॅमेऱ्याची गाडी फिरते. ती माळावरही येईल. एका चुकीच्या पट्ट्याने काय होतं हे उंबरठाणात या दोघांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मारुती पुढे झाला. त्याने बाहेरचं दार लावून घेतलं आणि आतल्या खोलीतलं उघडं दार ओढून घेऊन त्याच्यामागची भिंत दाखवली. तिथं रस्त्यावरून काही दिसणं शक्य नव्हतं.

"हितं काढा मॅडम," तो म्हणाला. "थांबा, मी पट्टी धरतो."

पट्टी कार्यालयातलीच होती, त्याने ती बरोबर आणून ठेवली होती. दोन पुरुष उंची या घराच्या छताच्याही वर जात होती, म्हणून शुभांगी स्टुलावर चढली आणि भिंत जिथं संपून छत सुरू होतं तिथं, अगदी कडेला, गेरूने सरळ रेषा ओढली. मग खाली उतरून, दुर्गव्वाला वाचता येत नव्हतं तरी, तिने म्हातारीच्या डोळ्यांच्या उंचीला रेणुकाचं नाव लिहिलं.

म्हातारीने ते बोटाने चाचपलं. गेरू ओला होता, बोटाला लागला.

"पुढच्या दिवाळीला चुना दिला की जाईल ते," मारुती म्हणाला.

"जाऊ दे की," दुर्गव्वा म्हणाली. "बाई येईल परत काढायला. तिथंच काढ बरं का बाई. वर नेऊ नगंस."

शुभांगी हो म्हणाली, आणि हातातली करंजी खाऊ लागली.